मुंबईच्या डाकेचे बंदर : ब्रिंडिसी



इटली म्हटले की आपल्याला रोम आठवते, व्हेनिस आठवते. भूगोलाच्या तासाला मुलांना नकाशात हा देश चटकन सापडतो, कारण तो गुडघ्यापर्यंतच्या बुटासारखा दिसतो. आज मी आपणां सर्वांना या बुटाच्या टाचेवर घेऊन जाणार आहे. टाचेच्या बाहेरच्या अंगाला, एड्रियाटिक समुद्राच्या काठी, ब्रिंडिसी नावाचे एक बंदर आहे. वस्ती ऐंशी हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या मोठ्या गावाएवढेच म्हणा ना! इटली पाहायला जाणारी मंडळी सहसा इथवर येत नाहीत. पण १८७० ते १९१४ अशी चव्वेचाळीस वर्षे विलायतेहून मुंबईला येणारी डाक याच गावावरून येत होती. म्हणून हे गाव आपल्याला अगदीच परके नाही.

रोमहून आगगाडीने निघाले की पाच-सहा तासांत ब्रिंडिसी येते. बारी हे मोठे शहर मागे पडले की दोन्ही बाजूंना तांबडी माती आणि ऑलिव्हची झाडे लागतात. कोकणातल्या माणसाला माती पाहून घरची आठवण व्हावी. ही झाडे आपल्या जुन्या चिंचेसारखी पिळदार बुंध्याची. काही तर शेकडो वर्षांची आहेत. त्यांच्या फळांचे तेल हे तिथल्या शेतकऱ्याचे मुख्य उत्पन्न. पण या भागावर मोठे संकट आलेले आहे. २०१३ साली या टाचेच्या दक्षिण टोकाकडे ‘झायलेला’ नावाच्या एका जिवाणूचा रोग झाडांवर आढळला. तुडतुड्यासारखा एक रस शोषणारा किडा तो रोग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो. झाडाच्या आतल्या पाण्याच्या वाटा बंद होतात आणि उभे झाड वाळून जाते. आजोबा-पणजोबांनी जपलेली लक्षावधी झाडे अशी गेली. गाडीच्या खिडकीतून वाळक्या झाडांच्या रांगा दिसतात. ज्याच्या बांधावर एखादा जुना आंबा वठला असेल, त्याला हे दुःख वेगळे सांगायला नको.

स्टेशनातून बाहेर पडले की एक सरळ रस्ता समुद्राकडे जातो. पंधरा मिनिटे चालले की आपण थेट धक्क्यावर. पण धक्क्यावर उभे राहिल्यावर प्रथम मनात येते, की अरे, हा समुद्र आहे की तलाव? लाट नाही, गाज नाही. पाणी अगदी शांत. याचे कारण त्या बंदराच्या ठेवणीत आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, ही ठेवण मुलांना समजावून देण्याची एक सोपी युक्ती आहे. हाताची पहिली दोन बोटे फाकवून धरा. ही दोन बोटे म्हणजे समुद्राच्या आत शिरलेल्या दोन खाड्या. दोन बोटांच्या मधली जागा म्हणजे ब्रिंडिसी गाव. बोटे तळहाताला मिळतात तिथे एक चिंचोळी वाट आहे. ते आतल्या बंदराचे तोंड. त्याच्या पलीकडचा तळहात म्हणजे बाहेरचे बंदर, आणि त्याच्याही पलीकडे खुला समुद्र. बाहेर कितीही वादळ असो, आत आलेले जहाज सुखरूप राहते. वरून पाहिले तर या दोन खाड्या हरणाच्या शिंगांसारख्या दिसतात. फार पूर्वी इथे मेसापी नावाचे लोक राहत. त्यांच्या भाषेतल्या हरणाच्या डोक्याच्या शब्दावरून गावाला नाव पडले, असे जुने ग्रंथकार सांगतात. गावाच्या मुद्रेवर अजून हरणाचेच डोके आहे.

रोमन लोकांनी हे बंदर हेरले. इ. स. पूर्व २४४ साली त्यांनी इथे वसाहत केली. त्याआधी इ. स. पूर्व ३१२ मध्ये आपियस क्लॉडियस नावाच्या अधिकाऱ्याने रोमपासून दक्षिणेकडे एक फरसबंदी रस्ता सुरू केला होता. तो वाढत वाढत ब्रिंडिसीपर्यंत आला. लांबी पाचशे किलोमीटरांहून अधिक. ग्रीसला किंवा पूर्वेकडे जायचे म्हणजे या रस्त्याने चालत यायचे आणि इथे जहाजात बसायचे. २०२४ साली या आपियन मार्गाची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली.

रस्ता जिथे संपतो असे परंपरेने मानतात, तिथे धक्क्यापासून वर जाणाऱ्या रुंद पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांच्या माथ्यावर संगमरवरी स्तंभ आहे. उंची सुमारे एकोणीस मीटर, म्हणजे सहा मजली इमारतीएवढी. पूर्वी असे दोन स्तंभ होते. १५२८ साली एक कोसळला. पुढे १६५६ मध्ये दक्षिण इटलीत प्लेगची मोठी साथ आली. शेजारचे लेच्चे हे गाव त्यातून वाचले. आपल्या संत ओरोंझोच्या कृपेने वाचलो, या भावनेने तिथल्या लोकांनी त्याचा पुतळा उभारायचे ठरवले आणि पडलेल्या स्तंभाचे दगड ब्रिंडिसीहून नेले. आज दुसऱ्या स्तंभाचे फक्त जोते इथे आहे आणि खांब तिकडे लेच्च्यात. अशा देवाणघेवाणीवरून दोन गावांत काय बोलाचाली होते, ते आपल्याला सांगायला नकोच!

उभ्या असलेल्या स्तंभाच्या माथ्यावर रोमन देवता कोरलेल्या आहेत. त्यांत समुद्राचा देव नेपच्यून आहे. मूळ शिल्प आता खाली काढून एका जुन्या वाड्यात जपून ठेवले आहे. स्तंभावर त्याची प्रतिकृती बसवली आहे. याच देवाला ग्रीक लोक पोसायडन म्हणतात. त्याची काशाची लहान मूर्ती आपल्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४४-४५ च्या उत्खननात सापडली. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी त्या समुद्रावरचा माल फिरत फिरत पंचगंगेच्या काठापर्यंत येत होता. कोल्हापूरच्या आसपासच्या शाळांनी सहल काढली, तर टाऊन हॉलच्या संग्रहालयात जाऊन मुलांना हा समुद्रदेव जरूर दाखवावा.

पायऱ्यांच्या जवळच एका भिंतीवर स्मृतिशिला आहे. लॅटिन भाषेचा महाकवी व्हर्जिल याने इ. स. पूर्व १९ मध्ये याच गावी प्राण सोडला. ग्रीसहून तो आजारी होऊन परतला आणि बोटीतून उतरल्यावर थोड्याच दिवसांत गेला. त्याचे महाकाव्य ‘ईनिड’ अजून त्याच्या मनासारखे पुरे झाले नव्हते. ते जाळून टाका, अशी त्याची इच्छा होती. सम्राट ऑगस्टसने ती मानली नाही. म्हणून ते काव्य आज जगाला वाचायला मिळते.

श्रोतेहो, आता या बंदराच्या तोंडाची गोष्ट सांगतो. मला वाटते, ही गोष्ट शेतकऱ्याला इतिहासकाराइतकीच समजेल, कारण ती गाळाची गोष्ट आहे.

इ. स. पूर्व ४९ मध्ये सीझर आणि पाँपी यांच्यात यादवी पेटली. पाँपी आपले सैन्य घेऊन ब्रिंडिसीत शिरला. त्याला समुद्रमार्गे निसटू द्यायचे नाही म्हणून सीझरने बंदराच्या चिंचोळ्या तोंडावर दोन्ही बाजूंनी भराव घालायला सुरुवात केली. मध्ये पाणी खोल होते, तिथे तराफे बांधले. काम पुरे होण्याच्या आतच पाँपी एका रात्री जहाजे घेऊन निसटला. पुढे पंधराव्या शतकात शत्रूची गलबते आत येऊ नयेत म्हणून तिथल्या एका सरदाराने त्याच तोंडात दगडांनी भरलेले जहाज बुडवले, असे सांगतात. आलेली वेळ निभावली, पण वाट कायमची अडली.

पाण्याची वाट अडली की काय होते हे आपण जाणतो. गाळ साचला. भरती-ओहोटीचे पाणी खेळेनासे झाले. दोन्ही खाड्यांची डबकी झाली. डबक्यांवर डास आले आणि डासांबरोबर हिवताप आला. त्या काळी लोकांना वाटे, दलदलीची वाईट हवाच ताप आणते. इटालियन भाषेत वाईट हवेला ‘मालारिया’ म्हणतात. तोच शब्द आज जगभर या तापाचे नाव होऊन बसला आहे. हा ताप डासांमुळे पसरतो याचा उलगडा पुढे १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी आपल्याच देशात, सिकंदराबादेत काम करून केला. माणसाला तो नेमक्या कोणत्या जातीच्या डासापासून होतो, हे लगेच दुसऱ्या वर्षी ग्रासी या इटालियन शास्त्रज्ञाने दाखवून दिले. पण ब्रिंडिसीच्या लोकांनी त्याआधी शतकानुशतके हा ताप सोसला. एके काळचे भरभराटीचे बंदर. त्याची वस्ती घटत घटत काही हजारांवर आली.

अखेर १७७६ साली नेपल्सच्या राजाच्या हुकमावरून आंद्रेआ पिगोनाती नावाच्या अभियंत्याने ते तोंड पुन्हा खोदायला घेतले. दोन वर्षे काम चालले. तळातून जुन्या काळची लाकडे आणि दगड निघाले. वाट मोकळी झाली, समुद्राचे पाणी पुन्हा आत-बाहेर करू लागले. गाळ एकदा काढून भागत नाही. तो पुढेही पुन्हा पुन्हा काढावा लागला. पण गावाचा श्वास मोकळा झाला तो तेव्हापासून.

आपल्या किनाऱ्यावर सोपारा होते, चौल होते. दोन्ही बंदरांची नावे परदेशी प्रवाशांनी लिहून ठेवली आहेत. आज सोपाऱ्यात बौद्ध स्तूपाचे अवशेष दिसतात, पण जहाजे येत तो पाण्याचा मार्ग गाळाने भरून गेला. चौलच्या खाडीचेही तेच झाले. या बंदरांना पिगोनाती भेटला नाही, एवढेच म्हणायचे.

आता डाकेकडे येऊ. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला. त्याच सुमारास इटलीची आगगाडी किनाऱ्याने ब्रिंडिसीपर्यंत पोहोचलेली होती. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. फ्रान्समधल्या मार्सेल बंदरातून जाणारी इंग्रजांची डाक धोक्यात आली. तेव्हा त्यांनी ब्रिंडिसी पकडले. १८७१ मध्ये आल्प्स पर्वताच्या पोटातून बोगदा तयार झाला आणि वाट आणखी सोपी झाली. लंडनला टपालाच्या थैल्या गाडीत चढत. इंग्लंडची खाडी, फ्रान्स, आल्प्सचा बोगदा, मग इटलीचा सगळा बूट उतरून त्या टाचेपाशी येत. इथे त्या आगबोटीत चढत आणि इजिप्तमार्गे मुंबईला निघत. आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजाने येणाऱ्या पत्राला पूर्वी चार-सहा महिने लागत. आता ते दोन-तीन आठवड्यांवर आले. इटालियन लोक या गाडीला ‘हिंदुस्थानची थैली’ म्हणत.

ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या साहेबाची गोष्ट पुष्कळांनी वाचली असेल. ती १८७३ साली पुस्तकरूपाने आली. तो साहेबही ब्रिंडिसीलाच ‘मंगोलिया’ नावाच्या बोटीत बसतो आणि मुंबईला उतरतो. लेखकाने ही वाट कल्पनेने काढलेली नव्हती. तेव्हाचे वेळापत्रकच तसे होते.

आपल्याकडून विलायतेला जाणाराही पुष्कळदा याच वाटेने जाई. १८७८ साली एक सतरा वर्षांचा बंगाली मुलगा विलायतेला शिकायला निघाला. निघण्यापूर्वी इंग्रजी बोलण्याचा सराव व्हावा म्हणून तो काही काळ मुंबईत डॉक्टर आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी राहिला होता. त्यानंतर सुएझपर्यंत आगबोट, तिथून अलेक्झांड्रियापर्यंत आगगाडी आणि पुन्हा आगबोट, असा प्रवास करून युरोपच्या भूमीवर त्याने पहिले पाऊल ठेवले ते ब्रिंडिसीत. त्या मुलाचे नाव रवींद्रनाथ ठाकूर.

१८९० पासून लंडनहून या डाकेसाठी आठवड्याला एक खास जलद गाडी सुटू लागली. १८९८ मध्ये ‘आयसिस’ आणि ‘ओसायरिस’ या दोन चपळ बोटी ब्रिंडिसी ते पोर्ट सईद धावू लागल्या. पण गावाला काय मिळाले? धक्क्यावर एक मोठे हॉटेल उभे राहिले. ती इमारत आजही आहे. बहुतेक साहेब मात्र गाडीतून उतरत आणि बोटीत चढत. गावाच्या बाजारात फिरायला त्यांना सवड नव्हती. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि डाक थांबली. नुसता रस्ता गावातून गेला म्हणून गाव सुधारत नाही. त्या रस्त्यावर गावाचा माल, गावाचा धंदा असावा लागतो. महामार्गालगतच्या आपल्या खेड्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

डाक गेली तरी वाट अगदी मोडली नाही. १९३१ साली गोलमेज परिषद संपवून महात्माजी परत निघाले. स्वित्झर्लंडमध्ये रोमाँ रोलाँ यांना भेटून, रोमवरून ते ब्रिंडिसीला आले आणि १४ डिसेंबरला ‘पिल्स्ना’ या बोटीत बसले. २८ डिसेंबरला मुंबईस उतरले. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे त्यांना अटक झाली आणि येरवड्याच्या तुरुंगात नेले. ब्रिंडिसीचा धक्का ते येरवड्याचा दरवाजा, मध्ये फक्त तीन आठवडे!

दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४३ मध्ये, इटलीच्या राजाने रोम सोडले आणि तो या गावी आला. पुढचे पाच महिने ब्रिंडिसी हीच इटलीची तात्पुरती राजधानी होती. त्याच महिन्यात जवळच्या तारांतो बंदरात हिंदी पलटणी उतरल्या. त्यांत मराठा पलटणीही होती. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी मध्य इटलीत लढताना पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर जखमी साथीदारांना वाचवले आणि तोच मान मिळवला. आपल्या खेड्यांतली किती मुले त्या मातीत राहिली, याची आठवण ठेवूनच इटली पाहावी.

आणि आता, या गावाविषयी मला जे सर्वांत मोलाचे वाटते ते सांगतो.

ब्रिंडिसीच्या समोर, समुद्रापलीकडे अल्बेनिया देश आहे. तिथली पन्नासएक वर्षांची बंदिस्त राजवट कोसळत होती. अन्न नव्हते, काम नव्हते. मार्च १९९१ मध्ये तिथल्या लोकांनी मिळतील ती जहाजे धरली. ७ मार्चला ब्रिंडिसीचे लोक उठले तो बंदरात माणसांनी लगडलेली जहाजे! डेकवर माणसे, दोरखंडांना लटकलेली माणसे. एकंदर पंचवीस हजारांहून अधिक. आणि गावाची वस्ती तेव्हा नव्वद हजारांच्या घरात. म्हणजे दर तीन-चार गावकऱ्यांमागे एक पाहुणा, आणि तोही भिजलेला, उपाशी, बरोबर काही नसलेला. थंडी होती. राजधानीतून मदत यायला वेळ लागत होता.

धक्क्यावर मला एक निवृत्त शिक्षिका भेटल्या. त्यांना मी विचारले, “बाई, तुम्हांला भीती नाही वाटली?” त्या म्हणाल्या, “वाटली की! एवढी अनोळखी माणसे पाहून कोणाला वाटणार नाही? पण ती थंडीने कुडकुडत होती. भीतीचा विचार करायला सवडच नव्हती.” लोकांनी घरांतून भांडी भरभरून जेवण आणले. कपाटांतले कपडे आणले. शाळा बंद ठेवून वर्गांत माणसांना झोपवले. कित्येकांनी दोघां-चौघांना घरी नेले, अंघोळीला पाणी दिले, ताटावर बसवले. शिक्षिकाबाई पुढे म्हणाल्या, “पुन्हा शाळा भरली तेव्हा मुलांना वेगळा धडा शिकवायची गरज राहिली नव्हती.”

सगळेच पुढे गोड झाले असे नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बारीला आणखी एक जहाज भरून माणसे आली, तेव्हा सरकारने त्यांना परत पाठवले. आलेल्यांना कामे मिळायला वर्षे लागली. दार किती उघडावे, यावर त्या देशात आजही वाद चालतो, आणि वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना आपापली चिंता आहे. पण त्या मार्चमधल्या थंड दिवसांत एका मध्यम आकाराच्या गावाने काय केले, ते कोणी खोडून काढू शकत नाही.

आज ब्रिंडिसीहून ग्रीसला आणि अल्बेनियाला फेरीबोटी जातात. विमानतळाजवळ संयुक्त राष्ट्रसंघाचे मदतसामग्रीचे कोठार आहे. ते २००० सालापासून चालते. जगात कुठे भूकंप झाला, पूर आला, की तंबू, औषधे, अन्न यांनी भरलेली विमाने इथून निघतात. पूर्वी साहेबाची पत्रे जात, आता संकटात सापडलेल्यांची चीजवस्तू जाते. माझ्या मते, बंदराची ही बढतीच झाली आहे.

शिक्षक मित्रांनो, उद्या वर्गात नकाशा लावाल तेव्हा लंडनपासून मुंबईपर्यंत एक दोरा लावून पाहा. आल्प्स, ब्रिंडिसी, सुएझ, एडन, मुंबई. एका दोऱ्यात मुलांना भूगोलही कळेल आणि इतिहासही. आणि श्रोतेहो, पावसाळ्याआधी गावच्या ओढ्याचा, तळ्याच्या मोरीचा गाळ काढायला निघाल तेव्हा त्या दूरच्या बंदराची आठवण काढा. पाण्याची वाट बुजली तेव्हा ते गाव तापाने फणफणले. वाट मोकळी झाली तेव्हा जगाची डाक त्याच्या दारात आली.